मी गेलो तर आईचं काय, नाही गेलो तर माझं काय?

पत्र :

'मी साडेसोळा वर्षांचा आहे, अकरावी सायन्सला. सोलापूर जिल्ह्यात तालुक्याच्या गावी राहतो. पप्पा टेम्पो चालवतात. रोज पितात. रात्री साडेनऊनंतर आमच्या घरात काय होईल सांगता येत नाही. ताटं फेकतात, आईला मारतात. मागच्या महिन्यात मी मध्ये पडलो तर मलाच बेल्टने मारलं. दवाखान्यात आईने सांगितलं, सायकलवरून पडला. बहीण नऊ वर्षांची आहे, ती अशा वेळी पलंगाखाली जाऊन बसते. आई म्हणते बारावी होऊ दे, मामाला काही कळवू नको, लोक काय म्हणतील. माझ्याकडे ३,४०० रुपये साठलेत, सायकल विकली तर अजून दीड हजार येतील. चुलतभावाचा मित्र पुण्यात हॉटेलात आहे. तो म्हणतो ये, काम देतो, राहायचंही तिथेच. कुर्डुवाडीहून गाडी पकडून कुणाला न सांगता जायचं ठरवलंय. कधी कधी वाटतं, झोपलो की उठूच नये. मी गेलो तर आईचं काय, नाही गेलो तर माझं काय? सायकल विकू का?'

(ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

मित्रा,

तुझ्या पत्रातलं 'उठूच नये' हे वाक्य आधी घेतो, बाकीचं त्यानंतर. थकून गेल्यावर असा विचार मनात येऊन जातो, की तो कसा अमलात आणायचा हेही डोक्यात येतं? तसं येत असेल तर पुढचं वाचायच्या आधी १४४१६ लाव. टेलिमानस ही सरकारची मोफत सेवा आहे, दिवसरात्र चालते, मराठीतून बोलता येतं. आणि घरात किंवा गोठ्यात फवारणीचं औषध ठेवलेलं असेल तर ते आईला सांगून घराबाहेर, दुसऱ्याच्या ताब्यात जाऊ दे. अशा विचारांची लाट येते आणि ओसरतेही. ती आलेली असताना हाताशी काही नसणं फार महत्त्वाचं असतं. हे तुझ्यासाठी जेवढं खरं आहे तेवढंच तुझ्या आईसाठीही.

आता घराबद्दल. जिथे पाठीवर बेल्ट बसतो आणि नऊ वर्षांची मुलगी पलंगाखाली लपते, तिथून बाहेर पडावंसं वाटलं नाही तरच नवल. 'आईवडील आहेत, समजून घे' असं आम्ही तुला सांगणार नाही. तू बाहेर पडावंस, असंच आमचंही मत आहे. फक्त असा बाहेर पड, की चार दिवसांनी पोलिसांची गाडी तुला त्याच दारात परत आणून सोडणार नाही. कुर्डुवाडीच्या गाडीचा शेवट बहुतेक वेळा तिथेच होतो. तो का, ते नीट समजून घे.

तुला अठरा पूर्ण नाहीत. तू नाहीसा झालास की आई-पप्पा चौकीत जाणार. बेपत्ता मुलाच्या तक्रारीत पोलिसांनी गुन्हा नोंदवायचा असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्येच सांगितलेलं आहे, त्यामुळे १८ खालचं मूल हरवलं की अपहरणाचं कलम लागतं. तू स्वतःच्या पायाने गेलास, हे त्या कागदावर नसतं. मग तुझा फोन, शेवटचे कॉल, मित्रांची चौकशी. ज्याने 'ये, काम देतो' म्हटलं त्याचं नाव पहिल्याच दिवशी निघतं. त्याच्यावर अपहरणाचा ठपका येऊ शकतो, आणि हे त्याला समजलं की तुला पहिल्यांदा बाहेर काढणाराही तोच असेल.

पैशांचं गणितही मांडून बघ. पुण्यात कॉट बेसिसवर खाट घ्यायची तर महिन्याला साधारण २,५०० ते ४,००० रुपये आणि वर डिपॉझिट. दोन वेळची मेस ३,००० च्या आसपास. म्हणजे सायकल विकून हाती येणारे ४,९०० रुपये फार तर दोन-तीन आठवडे पुरतील. म्हणूनच तुला 'राहायचंही तिथेच' हे शब्द गोड वाटताहेत. पण ज्या माणसाच्या हातात तुझा पगार, तुझं जेवण आणि तुझी झोपायची जागा एकदमच आहे, त्याच्याशी खटकलं की तिन्ही एकाच रात्री जातात. वयाचा कागद बघणारा मालक तुला ठेवायला कचरेल. न बघणारा ठेवेल, कारण त्याच्या वहीत तुझं नाव नसतं. पगार पहिले दोन महिने 'जमा' राहतो, झोपायला भटारखान्याच्या मागची जागा मिळते, आणि तक्रार करायला जावं तर तू स्वतःच घरातून पळालेला असतोस. घरच्या बेल्टपासून सुटका म्हणून गेलास तरी तिथेही हात उगारणारा कुणी भेटणारच नाही, असं नाही.

प्लॅटफॉर्मवर एकटं बसलेलं मूल रेल्वे सुरक्षा दलाचे जवान हटकतात, बऱ्याच मोठ्या स्थानकांवर मुलांसाठी मदतकक्षही आहेत. ते तुझ्या भल्याचंच आहे. पण तिथे एक चूक वारंवार होते. 'घरी भांडण झालं म्हणून आलो' एवढंच मूल सांगतं, मग समजूत काढली जाते, वडिलांना फोन जातो आणि वडील दुसऱ्या दिवशी घ्यायला येतात. मारहाणीचा शब्दही कुठे लिहिला जात नाही. हे पत्र वाचूनही तू गेलासच आणि सापडलास, तर पहिल्याच अधिकाऱ्याला स्पष्ट सांग : 'वडील दारू पिऊन मारतात, मागच्या महिन्यात बेल्टने मारलं, मला घरी पाठवू नका, बालकल्याण समितीसमोर न्या.' अशा मुलाला प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत समितीसमोर न्यायचं असतं. समिती त्या दिवशी बसलेली नसेल तर एका सदस्यासमोरही नेता येतं.

पण ही समिती तुझ्या जिल्ह्यातही आहे, तिच्यासाठी पुण्याला पळायची गरज नाही. बाल न्याय अधिनियम २०१५ मध्ये जिल्ह्याजिल्ह्याला बालकल्याण समिती दिली आहे : एक अध्यक्ष, चार सदस्य, त्यात किमान एक स्त्री. घरात ज्याच्या ताब्यात मूल आहे तोच मारहाण करत असेल, तर ते मूल 'काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं' ठरतं. अशा मुलाला समितीसमोर पोलीस आणू शकतात, शिक्षक आणू शकतात आणि मूल स्वतःही जाऊ शकतं. हे शेवटचं फार थोड्या मुलांना माहीत असतं.

तिथपर्यंत पोचायचा सोपा रस्ता म्हणजे १०९८. मुलांसाठीची ही हेल्पलाइन १९९६ साली मुंबईत सुरू झाली. आता ती महिला व बालविकास खात्याकडे आहे आणि पोलिसांच्या तातडीच्या ११२ क्रमांकाशी जोडलेली आहे. फोन फुकट, चोवीस तास. पप्पांच्या फोनवरून लावू नकोस, स्वतःच्या फोनवरून लावलास तर कॉलची नोंद काढून टाक. दुपारी कॉलेजच्या आवारातून लावणं सगळ्यात बरं, कारण तेव्हा तुला दहा मिनिटं सलग बोलता येईल. घाबरून मुलं पहिल्या मिनिटाला फोन ठेवतात, म्हणून बोलायची वाक्यं आधीच लिहून ठेव :

'मी साडेसोळा वर्षांचा आहे, अमुक तालुक्यात राहतो. वडील रोज पिऊन आईला मारतात, अमुक तारखेला मला बेल्टने मारलं. घरात नऊ वर्षांची बहीण आहे. आत्ता या क्षणी मी सुरक्षित आहे. जिल्हा बाल संरक्षण कक्षातल्या माणसाशी मला घराबाहेर, कॉलेजात भेटून बोलायचंय.'

'आत्ता सुरक्षित आहे' की 'नाही' हे नक्की सांग, कारण त्यावरच गाडी लगेच पाठवायची की माणूस नंतर भेटायला यायचा हे ठरतं. आणि 'कॉलेजात भेटा' हे विसरू नकोस. थेट घरी भेट झाली, त्यांनी पप्पांसमोरच विचारलं, तर तू आणि आई दोघंही 'तसं काही नाही' म्हणाल. अशी प्रकरणं इथेच बंद पडतात.

पुढे काय होतं तेही माहीत असू दे. समिती तुझं म्हणणं ऐकते, तुझी इच्छा विचारते. घरची चौकशी होते, तिचा अहवाल १५ दिवसांत यायला हवा, अंतिम आदेश चार महिन्यांत. तोवर समिती तुला नातेवाइकांकडे ठेवू शकते किंवा बालगृहात. तुझी ओळख छापायला किंवा जाहीर करायला कायद्याने बंदी आहे. पण बालगृहाबद्दल गोड चित्र रंगवत नाही. बालगृह तुझ्याच तालुक्यात असेल असं नाही, कॉलेजात खंड पडू शकतो, फोन जवळ ठेवू देत नाहीत, बाहेर पडायला परवानगी लागते. आणि समितीचा पहिला कल मुलाला कुटुंबातच ठेवण्याकडे असतो, घरावर देखरेख ठेवून का होईना. म्हणून 'मला बालगृहात टाका' यापेक्षा 'मला मामाकडे ठेवा' ही मागणी लवकर मान्य होण्यासारखी असते, जर मामा स्वतः समितीसमोर येऊन 'मी सांभाळतो' म्हणाला तर.

त्यामुळे तुझ्या या सगळ्या बेतात सर्वांत मोलाचा माणूस मामा आहे, आणि नेमकं त्यालाच काही कळवू नको असं आई सांगतेय. आईचं ते ऐकू नकोस. हे लिहिताना आम्हाला जड जातंय, पण ऐकू नकोस. मामाला फोनवर 'घरी त्रास आहे' असं मोघम सांगू नकोस, भेटून सांग, शर्ट काढून पाठ दाखव आणि एकच नेमकी गोष्ट माग : 'अकरावीची परीक्षा झाली की मला तुझ्याकडे राहू दे.' 'मला वाचव' म्हटलं की मोठी माणसं गोंधळतात आणि दाजींना समजावायला निघतात. मग मामा घरी येतो, पप्पांची समजूत काढतो, पप्पा रडतात, शपथ घेतात, आठ दिवस बरे जातात आणि नवव्या दिवशी 'मामाला कुणी सांगितलं?' हा प्रश्न येतो. मामाला हेही आधीच सांगून ठेव, की भांडायला येऊ नको, मला फक्त खोलीचा एक कोपरा दे.

आईच्या संमतीने तू मामाकडे राहायला गेलास तर ते पळून जाणं ठरत नाही. आईकडून दोन ओळी लिहून घे : 'मुलगा शिक्षणासाठी माझ्या संमतीने मामाकडे राहत आहे', खाली तारीख आणि सही. तो कागद मामाकडे राहू दे. बारावीत कॉलेज बदलायला मंजुरी लागते आणि त्यात वेळ जातो, म्हणून चौकशी परीक्षा संपायच्या आधी कर. जमलं नाही तर नाव याच कॉलेजात ठेवून मामाकडून एसटीने ये-जा होते का बघ. विद्यार्थी पास असतो.

मामा नाही म्हणाला तर? मग आत्या, मावशी, आजोळचं कुणी, त्यानंतर वर्गशिक्षक. सरांनाही 'घरी टेन्शन आहे' म्हटलंस तर 'अभ्यासाकडे लक्ष दे' हेच उत्तर मिळेल. तारखेसकट सांग.

तारखा म्हणजे खरंच तारखा. 'रोज मारतात' या वाक्यावर कुठलाच अधिकारी काही करू शकत नाही. प्रॅक्टिकलच्या जर्नलला मागे कोरी पानं असतात, त्यात लिहीत जा आणि जर्नल कॉलेजात किंवा मित्राकडे ठेव. एवढंच पुरतं : '१२ तारीख, रात्री १०.१०. पिऊन आले. आईला लाटण्याने मारलं, डावा हात सुजला. मी आणि बहीण घरात. शेजारच्या काकूंनी दार वाजवलं तेव्हा थांबले.' भावना लिहायच्या असतील तर वेगळ्या वहीत लिही. वळांचा फोटो दिवसाउजेडी काढ, आधी चेहरा आणि पाठ एकत्र दिसेल असा, मग जवळून, शेजारी पट्टी किंवा नाणं धरून. फोटो स्वतःलाच ईमेल कर आणि फोनमधून पुसून टाक.

दवाखान्याचं तर आईनेच उलटं करून ठेवलंय. केस पेपरवर 'सायकलवरून पडल्याने' असं लिहिलं गेलं की उद्या तोच कागद तुमच्या विरोधात जातो. पुढच्या वेळी, आणि ती न येवो, सरकारी रुग्णालयात जा आणि डॉक्टरांना कुणी, कशाने आणि कधी मारलं ते सांग. डॉक्टर तशी नोंद करतील आणि पोलिसांनाही कळवतील, हे माहीत असूनच जा. अंगाला झालेल्या इजेची सरकारी डॉक्टरने केलेली नोंद समितीसमोर आणि कोर्टात दहा साक्षीदारांच्या तोडीची ठरते. मुलाची जबाबदारी असलेल्या माणसाने त्याला मारणं हा बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७५ खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तू गुन्हा दाखल कर असा आमचा आग्रह नाही, तो निर्णय तुझा आणि आईचा. कागद मात्र खरा असू दे.

आता रात्रीचं. उद्या मामा हो म्हणाला तरी मधले काही महिने तू त्याच घरात आहेस आणि साडेनऊ रोज वाजणार आहेत. जेवणं साडेआठच्या आत उरका. पप्पांचं ताट झाकून ठेवा, त्यांच्यासमोर बसून जेवायची वेळ येऊ देऊ नका. फोन चार्ज केलेला आणि खिशात. चपला दाराशी, आत तोंड करून नाही, बाहेर तोंड करून. भांडण पेटलं की स्वयंपाकघरात थांबायचं नाही, तिथे विळी, सुरी, गॅस सगळं हाताशी असतं. न्हाणीघरातही नाही, तिला दुसरं दार नसतं. दाराजवळच्या खोलीत राहायचं आणि बाहेर पडायचं. तू मध्ये पडलास कारण तू मुलगा आहेस आणि आईला मार खाताना पाहवत नाही. पण पिऊन पेटलेल्या माणसाच्या आणि आईच्या मध्ये उभं राहिलं की मार थांबत नाही, एकाचा दोघांवर येतो. तुझं काम बहिणीला पलंगाखालून काढून शेजारच्या काकूंकडे पोचवणं आणि ११२ लावणं. आईसाठी त्या क्षणी याहून मोठी मदत तुझ्या हातात नाही.

काकूंशी दिवसा बोलून ठेव. एक साधं वाक्य ठरवा, 'काकू, उद्याचं दूध सांगायचं राहिलं.' हे वाक्य फोनवर किंवा दारातून ऐकलं की त्यांनी ११२ लावायचा आणि काकांनी येऊन दार वाजवायचं. बहिणीलाही हेच वाक्य पाठ करून दे, सोबत पूर्ण नाव, पत्ता आणि १०९८. नऊ वर्षांच्या मुलीला एवढं सहज येतं, आणि आपल्याला काय करायचंय हे ठाऊक असलं की तिची भीतीही कमी होते. दोन-तीन वेळा खेळ म्हणून करून घे.

पोलीस आले तर बहुतेकदा अदखलपात्र नोंद करतात, ज्याला एनसी म्हणतात. आई 'काही नाही, मिटलं' म्हणेल. तरी एनसीचा नंबर आणि प्रत मागून घ्या. महिन्याभरात अशा दोन प्रती जमल्या तर पुढच्या प्रत्येक कचेरीत बोलायचा सूर बदलतो.

आईबद्दल तू विचारलंस. आईला सोडवणं हे साडेसोळा वर्षांच्या मुलाचं काम नाही, पण तिला रस्ता माहीत करून देणं तुला जमेल. घरगुती हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम २००५ चा हा रस्ता आहे. यात घटस्फोट घ्यावा लागत नाही, घर सोडावं लागत नाही, पोलिसांत गुन्हाही नोंदवावा लागत नाही. महिला व बालविकास खात्याचे संरक्षण अधिकारी तिची माहिती लिहून घेऊन अहवाल कोर्टात देतात. दंडाधिकारी पप्पांना मारहाणीपासून रोखणारा आदेश देऊ शकतात, त्यात तुम्हा मुलांचाही समावेश होऊ शकतो, आणि गरज पडली तर पप्पांनाच घराबाहेर राहायला सांगू शकतात. संरक्षणाचा आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. स्त्रियांना आणि मुलांना उत्पन्न न पाहता वकील मोफत मिळतो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून, नंबर १५१००. आईने १८१ या महिला हेल्पलाइनवर नुसतं बोलावं, एवढंच तिला सुचव. जिल्ह्याच्या ठिकाणी त्रासात असलेल्या बायकांसाठी 'सखी' केंद्र असतं, तिथे काही दिवस राहण्याची सोयही होते. ती लगेच तयार होणार नाही. अशा घरातली बाई अनेकदा मागे फिरते, कधी पैशांमुळे, कधी भीतीमुळे, कधी माहेरच्यांना तोंड कसं दाखवू म्हणून. तिच्यावर चिडू नकोस आणि ती तयार होईपर्यंत स्वतःला अडकवूनही ठेवू नकोस. ती वेगळी राहायला लागली आणि पात्र ठरली तर बालसंगोपन योजनेतून मुलामागे महिन्याला २,२५० रुपये मिळतात, हेही तिच्या कानावर घाल.

पप्पांच्या दारूबाबत तीनच गोष्टी. प्यालेले असताना वाद घालायचा नाही, बाटली ओतून द्यायची नाही. दुसरं, दारू सोडवायची म्हणून मेडिकलमधून गोळी आणून भाजीत मिसळायचा सल्ला तुम्हाला कुणी ना कुणी देईल. ते कधीही करू नका. त्या गोळीवर दारू पोटात गेली की रक्तदाब कोसळू शकतो, जीव जाऊ शकतो. डॉक्टरही ती माणसाला सांगूनच देतात. तिसरं, रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी दारू बंद केली तर पहिल्या दिवशीच हात थरथरतात, दोन दिवसांत फिट येऊ शकते, नंतर भास होऊन माणूस बरळायला लागतो. अशा वेळी रुग्णालयातच न्यायचं. पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून हेच काम करतंय, आणि व्यसनी माणसाच्या घरच्यांसाठी अल-अनॉनच्या सभा असतात. आईला तिथलं ऐकायला मिळालं तर फार बरं होईल. पप्पांनी पिणं थांबवावं की नाही हे मात्र तुझ्या हातात नाही, त्या वाट बघण्यात तुझी दोन वर्षं घालवू नकोस.

तुझ्या हातात आहेत ती कागदपत्रं. आधार, दहावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा आणि अधिवासाचा दाखला, रेशनकार्डाची झेरॉक्स. मूळ प्रती घरात असतील तर रागाच्या भरात त्या फाडल्या जाण्याची भीती असते, म्हणून प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून मामाकडे किंवा काकूंकडे. डिजिलॉकरमध्ये गुणपत्रिका मिळते, पण अडतं कुठे सांगतो : बहुतेक घरांत आधारला वडिलांचा मोबाइल जोडलेला असतो, ओटीपी त्यांच्याकडे जातो. आधार केंद्रात जाऊन स्वतःचा नंबर जोडून घे. त्याला वेगळा पुरावा लागत नाही, थोडी फी असते. पंधराव्या वर्षानंतरचे बोटांचे ठसे राहिले असतील तर तेही त्याच खेपेत करून टाक.

३,४०० रुपये गादीखाली ठेवू नकोस, तिथून ते दारूला जातील. दहा वर्षांवरच्या मुलाला स्वतः चालवायचं बचत खातं मिळतं, बँकेत किंवा पोस्टात. शाखेत पालक हवाच म्हणून अडून बसले तर आईलाही पालक म्हणून सही करता येते. मोबाइल नंबर तुझा दे आणि पासबुक घरी आणू नकोस.

बारावीनंतरचा रस्ता आत्तापासून बघ, कारण वसतिगृहांच्या अर्जांच्या तारखा निकालाच्या धावपळीतच निघून जातात. समाजकल्याणची शासकीय वसतिगृहं, आदिवासी विभागाची, इतर मागासांची, आणि वसतिगृहात जागा न मिळाल्यास निर्वाह भत्ता देणाऱ्या स्वाधार, स्वयम, पंजाबराव देशमुख अशा योजना आहेत. तुझ्या प्रवर्गाची कुठली ते कॉलेजच्या शिष्यवृत्ती कारकुनाला विचार, त्याला तोंडपाठ असतं. पुण्यातच जायचं असेल तर विद्यार्थी साहाय्यक समितीचं वसतिगृह १९५५ पासून गावाकडच्या मुलांसाठी चालतं. रयत शिक्षण संस्थेच्या कॉलेजांत आणि पुणे विद्यापीठात 'कमवा आणि शिका' आहे. इतकं थांबवत नसेल तर दहावीवर आयटीआय किंवा तीन वर्षांचा डिप्लोमा दुसऱ्या गावात घे, त्यानिमित्तानेही घर सुटतं, आणि मामाकडे जायचं कारणही पप्पांना पचेल असं मिळतं. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी वडिलांची सही लागते तिथे बरेच अर्ज अडकतात. ती सकाळी, ते शुद्धीत असताना, आईने 'शिष्यवृत्तीसाठी' म्हणून घ्यावी.

आणि यातलं काही होण्याआधीच बेल्टच्या जागी विळी-कोयता आला, गळा दाबला, घरात कोंडून ठेवलं, किंवा बहिणीला कुणी नको तसा हात लावला, तर परीक्षा, मामा, कागद सगळं बाजूला. त्याच रात्री ११२ किंवा १०९८, आणि बहिणीला घेऊन बाहेर.

सायकल विकू नकोस. दीड हजारात ती जाईल आणि रात्री दहानंतर काकूंच्या, सरांच्या किंवा चौकीच्या दारात सात मिनिटांत पोचवणारं तुझ्याकडे दुसरं काही उरणार नाही. मागच्या चाकाची हवा बघून घे, कुलपाची एक चावी बहिणीला माहीत असलेल्या जागी ठेव, आणि आजपासून ती आपल्या अंगणात न लावता काकूंच्या ओट्याशी लावत जा.